रॉस समुद्र आणि मॉस्कोचा होकार

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेटावर होबार्ट नावाचं बंदर आहे. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे एक बैठक भरते. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या जीवसृष्टीच्या रक्षणासाठी १९८० साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, १९८२ मध्ये तो अमलात आला आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचं कार्यालय होबार्टला थाटलं गेलं. भारत १९८६ पासून या आयोगाचा सभासद आहे. महत्त्वाच्या विषयावर तिथे मतदान होत नाही. निर्णय व्हायचा तर एकाही सभासदाचा विरोध असता कामा नये. बाकी सगळे हो म्हणाले आणि एकच जण नाही म्हणाला, की प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत बासनात जातो.

रॉस समुद्राला संरक्षण देण्याचा प्रस्ताव असा पाच बैठकांत अडला. सहाव्या बैठकीत, २८ ऑक्टोबर २०१६ रोजी, तो मंजूर झाला आणि जगातलं त्या वेळचं सर्वांत मोठं संरक्षित सागरी क्षेत्र जन्माला आलं. शेवटच्या दोन वर्षांत अडलेली गाडी कशी हलली, याची कथा सांगताना शास्त्रज्ञ येतात, न्यूझीलंड-अमेरिकेचे मुत्सद्दी येतात, चीन आणि रशिया येतात. आणि एक पोहणाराही येतो. लुईस प्यू त्याचं नाव. अंगावर पोहण्याची चड्डी, डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर गॉगल, एवढ्याच कपड्यांत तो रॉस समुद्रात उतरला आणि तिथून थेट मॉस्कोला गेला. त्याच्या पोहण्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्या पोहण्याचा त्याने पुढे केलेला उपयोग.

आधी तो समुद्र कसा आहे ते पाहायला हवं, कारण सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं.

१८४१ च्या जानेवारीत जेम्स क्लार्क रॉस हा ब्रिटिश नौदल अधिकारी 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन शिडाची जहाजं घेऊन दक्षिणेचा तरंगता बर्फ फोडत निघाला. दक्षिण चुंबकीय ध्रुव गाठायचा त्याचा मनसुबा होता. बर्फाचा पट्टा ओलांडल्यावर त्याला समोर मोकळं पाणी दिसलं. आणखी दक्षिणेला धूर ओकणारा ज्वालामुखी दिसला. त्याला त्याने आपल्या जहाजाचं, एरेबसचं, नाव दिलं. त्याच्यापुढे मात्र वाट संपली. पाण्यातून सरळ वर उठलेली पन्नास-साठ मीटर उंचीची बर्फाची भिंत आडवी आली आणि तिला शेकडो किलोमीटर कुठे खिंडार सापडेना. हीच रॉस हिमपट्टी. माणूस जहाजाने जास्तीत जास्त जितका दक्षिणेला जाऊ शकतो, ते टोक या समुद्रात आहे.

म्हणूनच पुढे दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्यांनी आपलं बिऱ्हाड याच किनाऱ्यावर मांडलं. केप अडेअरला १८९९ साली बोर्चग्रेविंकच्या तुकडीने लाकडी घरं उभारली. अंटार्क्टिका खंडावरचं ते माणसाचं पहिलं बांधकाम. केप एव्हान्सला ब्रिटिश मोहिमवीर स्कॉटची झोपडी आहे, आजही उभी. पलीकडे हिमपट्टीच्या काठावर 'बे ऑफ व्हेल्स' म्हणजे देवमाशांचा उपसागर. तिथून नॉर्वेचा आमुंडसेन निघाला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला. त्याच्या मुक्कामाची जागा मात्र आता राहिलेली नाही. हिमपट्टीचा काठ सतत तुटत असतो. १९८७ मध्ये तिथून एक प्रचंड हिमखंड सुटला आणि त्या उपसागराचं जुनं रूपच मिटलं.

माणसं ध्रुवाच्या ओढीने आली आणि गेली. समुद्र जवळजवळ होता तसाच राहिला. जगातल्या अडेली पेंग्विनांपैकी सुमारे एक तृतीयांश आणि एम्परर पेंग्विनांपैकी जवळपास चौथाई या एका समुद्राच्या आधाराने जगतात. वेडेल सील, मिंकी देवमासे, मासे खाऊन जगणारे ठेंगणे ओर्का, सगळे इथे आहेत. इतर बहुतेक समुद्रांतून माणसाने मोठे शिकारी मासे आधीच उपसून काढले. उरलेल्यावरून मूळचा समुद्र कसा होता याचा अंदाज बांधायचा, ही तिथल्या अभ्यासकांची स्थिती. रॉस समुद्रात अन्नसाखळीची वरची टोकं शाबूत होती. डेव्हिड एन्ली हे पेंग्विनांचे अभ्यासक आयुष्यभर तिथे जात राहिले. जॉन वेलर या छायाचित्रकाराने तो समुद्र लोकांपर्यंत पोचवायचं मनावर घेतलं. न्यूझीलंडच्या पीटर यंग यांनी 'द लास्ट ओशन' हा माहितीपट काढला. या मंडळींनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट लावून धरली: असा समुद्र पुन्हा मिळणार नाही.

या सगळ्यातला कळीचा प्राणी म्हणजे अंटार्क्टिक टूथफिश. हा मासा दीड-दोन मीटर लांब होतो, शंभर किलोच्या पुढे भरतो आणि जवळजवळ पन्नास वर्षं जगू शकतो. खारं पाणी उणे १.९ अंशाच्या आसपास गोठतं आणि हा मासा त्या सीमेवरच्या पाण्यात राहतो. माशाच्या रक्तातलं मीठ समुद्रापेक्षा कमी, म्हणजे हिशेबाने रक्त आधी गोठायला हवं. ते का गोठत नाही, हे कोडं आर्थर डीव्रीज या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो केंद्रावर काम करताना सोडवलं. माशाच्या रक्तात विशिष्ट प्रथिनं असतात. बर्फाचा सूक्ष्म स्फटिक तयार झाला की ती त्याला चिकटतात आणि वाढू देत नाहीत. लाखो वर्षांत घडलेली ही तजवीज.

असा मासा प्रजननाला यायलाच दहा-पंधरा वर्षं घेतो. भराभर वाढणाऱ्या बांगड्या-तारल्यांचा हिशेब त्याला लावून चालत नाही. १९९६-९७ च्या हंगामात न्यूझीलंडची बोट रॉस समुद्रात टूथफिशसाठी गेली आणि मग इतर देशांच्याही बोटी येऊ लागल्या. कित्येक किलोमीटर लांबीचा दोर, त्याला हजारो गळ, प्रत्येक गळाला आमिष, आणि हे सगळं हजार-दीड हजार मीटर खोल सोडायचं. पकडलेला मासा अमेरिकेच्या महागड्या हॉटेलांत 'चिलियन सी बास' नावाने पानात पडू लागला. आयोगाने वर्षाला सुमारे ३००० टनांची मर्यादा घातली होती. मासेमारी कायदेशीर होती आणि देखरेखीखाली होती, हे सांगायलाच हवं. पण जगाच्या शेवटच्या धडधाकट समुद्रातही आपण गळ टाकून बसलो, ही गोष्ट एन्लींसारख्यांना सहन होण्यासारखी नव्हती. आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

आयोगाने २००९ मध्ये दक्षिण ऑर्कनी बेटांजवळ ९४ हजार चौरस किलोमीटरचं पहिलं संरक्षित क्षेत्र केलं होतं आणि २०१२ पर्यंत अशा क्षेत्रांची साखळी उभी करायची असं ठरवलं होतं. रॉस समुद्रासाठी अमेरिका आणि न्यूझीलंड यांचे दोन वेगळे आराखडे होते. २०१२ च्या ऑक्टोबरात ते एकत्र झाले. तरी सहमती झाली नाही. मग या एकाच विषयासाठी जुलै २०१३ मध्ये जर्मनीत ब्रेमरहाफेनला खास बैठक बोलावली गेली. तिथे रशियाने मुळालाच हात घातला. असं क्षेत्र जाहीर करण्याचा आयोगाला कायदेशीर अधिकार आहे का, हा त्यांचा प्रश्न. युक्रेनही रशियाच्या बाजूने बोलला. आज हे वाचताना चमत्कारिक वाटतं. त्यानंतर प्रस्तावकांनी क्षेत्र सुमारे ४० टक्क्यांनी कापलं. २०१३ च्या ऑक्टोबरात पुन्हा नकार. २०१४ च्या मार्चमध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि पाश्चिमात्य देशांशी त्याचं बोलणंच खुंटलं. त्या वर्षी होबार्टला रशिया आणि चीन दोघेही आडवे उभे राहिले.

ज्या दोन देशांचा प्रस्ताव, त्यातला एक अमेरिका. ज्याचा होकार हवा, तो रशिया. वॉशिंग्टन आणि मॉस्को एकमेकांवर निर्बंध लादत होते. अशा वेळी सरकारी माणसाने मॉस्कोला जाऊन पेंग्विनांबद्दल बोलायचं म्हटलं तर आधी क्रिमियाचा विषय निघणार. सरकारबाहेरचा कोणीतरी हवा होता.

लुईस प्यूचा जन्म १९६९ चा, इंग्लंडमधल्या प्लिमथचा. वडील नौदलात डॉक्टर. तो दहा वर्षांचा असताना कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेलं. सतराव्या वर्षी तो रॉबेन बेटापासून केपटाऊनपर्यंत पोहला. ते त्याचं पहिलं मोठं पोहणं. १९९२ मध्ये त्याने इंग्लिश खाडी पार केली. शिक्षण कायद्याचं, आणि त्यातही सागरी कायद्याचं. लंडनमध्ये काही वर्षं वकिली करून त्याने ती सोडली. होबार्टच्या कथेत ही वकिली विसरता येत नाही. कराराचं कलम वाचता येणारा आणि समोरच्याचा आक्षेप नेमका कुठे आहे हे ओळखणारा माणूस पाण्यात उतरत होता.

त्याचं नाव जगाला कळलं ते उत्तर ध्रुवामुळे. १५ जुलै २००७. ध्रुवावरच्या बर्फाला पडलेल्या मोकळ्या भेगांमधून त्याने एक किलोमीटर अंतर १८ मिनिटं ५० सेकंदांत पार केलं. पाणी उणे १.७ अंश. खाली चार किलोमीटर खोल काळोख. पूर्वी जिथे बारमाही बर्फ असायचा तिथे आता उन्हाळ्यात पोहता येईल एवढं पाणी आहे, हे त्याला दाखवायचं होतं. एवढ्या थंड पाण्यात शरीराचं काय होतं, ते जरा जवळून पाहू. पहिल्या क्षणी छाती आपोआप आत ओढली जाते आणि मोठी धाप लागते. ती पाण्याखाली लागली तर माणूस तिथेच पाणी पिऊन बुडतो. मिनिट-दोन मिनिटं श्वासावर ताबा राहत नाही. तो सावरला तर दहा-पंधरा मिनिटांत हातापायांचे स्नायू थंड पडतात, बोटं फाकतात, ती जुळवता येत नाहीत, आणि हात मारला तरी पाणी मागे जात नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. बाहेर आल्यावरही धोका टळत नाही. हातापायांतलं गार रक्त काळजाकडे परततं आणि शरीराचं तापमान काही काळ आणखी खाली जातं. ध्रुवावरून परतल्यावर प्यूच्या हातांना पुन्हा संवेदना यायला चार महिने लागले.

त्याच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेचे क्रीडावैद्यक टिम नोक्स असत. त्यांनी एक विलक्षण गोष्ट टिपली. थंड पाण्यात उतरण्याच्या नुसत्या कल्पनेने, काठावर उभं असतानाच, प्यूच्या शरीराचं आतलं तापमान ३८ अंशांच्या वर जाई. म्हणजे पाण्याला स्पर्श होण्याआधीच शरीर भट्टी पेटवून ठेवी. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात भिनलेली ही तयारी होती. पण कोणत्याही भट्टीचं इंधन संपतं. अशा पाण्यात त्याच्याकडेही फक्त काही मिनिटं असत.

२०१० च्या मे महिन्यात तो एव्हरेस्टजवळ पुमोरी शिखराखालच्या हिमतळ्यात पोहला. उंची पाच हजार मीटरच्या वर, पाणी २ अंश. थंड पाण्यात जितकं जोरात पोहावं तितकं बरं, हा त्याचा आजवरचा अनुभव. चाचणीच्या वेळी तो तसाच सुटला आणि विरळ हवेत दम कोंडून जवळजवळ बुडाला. दोन दिवसांनी तो पुन्हा उतरला, या वेळी संथ बेडूकपोहणी पोहत, आणि २२ मिनिटं ५१ सेकंदांत किलोमीटर पुरा केला. आजवर कामी आलेला जोर या पाण्यात कामाचा नाही, हे ओळखून त्याने पद्धत बदलली. मॉस्कोतल्या त्याच्या वागण्याकडे पाहताना मला हे तळं आठवतं. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याला महासागरांचा पालक म्हणून नेमलं होतं. त्या पदाला अधिकार कुठलेच नव्हते, पण त्यामुळे तो एका देशाचा माणूस राहिला नाही.

२०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो रॉस समुद्रात गेला. योगायोग असा, की त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत जन्मलेली आणि उदयपूरला वाढलेली भक्ती शर्मा अंटार्क्टिकाच्या १ अंशाच्या पाण्यात सुमारे सव्वादोन किलोमीटर पोहली होती. त्या पाण्यात कोणी इतकं अंतर तोवर कापलं नव्हतं. प्यूचा हिशेब अंतराचा नव्हता. कोणत्या जागी पोहायचं, याला महत्त्व होतं. केप अडेअर त्याने निवडलं. जगातली सर्वांत मोठी अडेली पेंग्विनांची वसाहत तिथे आहे आणि पेंग्विनांच्या वसाहतीभोवती लेपर्ड सील शिकारीला फिरत असतात. मग तो बे ऑफ व्हेल्सला गेला, ७८.५ अंश दक्षिण अक्षांशावर. इतक्या दक्षिणेला तोवर कोणी पोहलं नव्हतं. पाणी शून्याखाली. वाऱ्यात अंगावरचं पाणी गोठत होतं. इथे तो काही मिनिटंच पोहला. आमुंडसेनने जिथून कूच केलं त्या नावाची जागा नकाशावर दाखवता यावी, एवढं त्याला पुरेसं होतं.

तिथून तो मॉस्कोला निघाला.

इथे थोडं मागे जायला हवं. थंड पाण्यात पोहून रशियाचं दार ठोठावणारा प्यू पहिला नव्हे. ७ ऑगस्ट १९८७ रोजी लिन कॉक्स ही अमेरिकन बाई बेरिंगच्या सामुद्रधुनीत लिटल डायोमीड या अमेरिकी बेटावरून बिग डायोमीड या सोव्हिएत बेटाकडे पोहत गेली. पाणी सहा-सात अंशांचं, वेळ दोन तासांच्या थोडा वर. त्या सीमेवरून चाळीस वर्षं कोणी उघडपणे ये-जा करत नव्हतं. परवानगीसाठी तिने वर्षानुवर्षं पत्रं लिहिली आणि ती मिळाली पोहायच्या आदल्या दिवसापर्यंत ताटकळवून. त्याच वर्षी डिसेंबरात गोर्बाचेव्ह वॉशिंग्टनला अण्वस्त्र करारावर सही करायला आले, तेव्हा व्हाइट हाऊसच्या मेजवानीत त्यांनी तिचा नावानिशी उल्लेख केला. दोन देश एकमेकांच्या किती जवळ आहेत हे या बाईने दाखवलं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

हा उल्लेख एका रशियन माणसाला सुचला, यात नवल नाही. रशियात हिवाळ्यात गोठलेल्या नदीला भोक पाडून आत डुबकी मारणं ही जुनी रीत आहे. १९ जानेवारीला येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानिमित्त लाखो लोक रात्रीच्या गारठ्यात अशी डुबकी घेतात. बर्फात नियमित पोहणाऱ्यांना तिथे 'वॉलरस' म्हणतात आणि त्यांचे क्लब गावोगाव आहेत. अशा देशात बर्फाच्या पाण्यातला एक किलोमीटर म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. २००६ मध्ये फिनलंडच्या हिवाळी जलतरण स्पर्धेत प्यूने ५०० मीटरच्या शर्यतीत नामांकित रशियन पोहणाऱ्यांना मागे टाकलं होतं. त्यामुळे मॉस्कोत तो अनोळखी पाहुणा नव्हता. आपल्याच खेळात आपल्याला हरवून गेलेला माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिलं जाणार होतं.

त्याला तिथे व्याचेस्लाव फेतिसोव्ह भेटले, ही मोठी गोष्ट झाली. फेतिसोव्ह म्हणजे सोव्हिएत आइस हॉकीचं दैवत. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, मग अमेरिकेत व्यावसायिक हॉकी, परतल्यावर देशाच्या क्रीडा खात्याचे प्रमुख आणि पुढे खासदार. बर्फावर आयुष्य घालवलेला हा माणूस ध्रुव प्रदेशांच्या रक्षणाच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच्यामुळे कार्यालयांची दारं उघडली. प्यू पुन्हा पुन्हा मॉस्कोला गेला. वृत्तपत्रांनी या फेऱ्यांना त्याच्या चड्डीवरून 'स्पीडो डिप्लोमसी' असं नाव दिलं. नाव आकर्षक आहे, पण त्यामुळे कामाचं स्वरूप झाकलं जातं. त्या खोल्यांत तो सूट घालून बसत होता आणि सागरी कायद्याचा वकील म्हणून बोलत होता. रशियाला धाकदपटशा मानवत नाही, हे त्याने ओळखलं. त्यामुळे दोष देणारी भाषा नव्हती. रशियन मच्छीमारांचं काय, बंदी किती वर्षांची, संशोधनासाठी मासे पकडता येतील का, हे प्रश्न रशियाचे होते आणि ते खरे होते. पुमोरीच्या तळ्यातला संथपणा इथे उपयोगी पडला.

ज्या खंडाविषयी हे बोलणं चाललं होतं, तो पहिल्यांदा पाहणाऱ्यांत रशियाचं नाव येतं. १८२० च्या जानेवारीत बेलिंग्सहाउझेनच्या 'वोस्तोक' आणि 'मिर्नी' या जहाजांवरून अंटार्क्टिकाचा बर्फाळ काठ दिसला होता. रशियन शाळकरी मुलांना हे शिकवलं जातं. अशा देशाला 'तुम्ही आड येता' असं सुनावण्यापेक्षा 'हा खंड तुमचाही वारसा आहे' असं म्हणण्यात शहाणपण होतं.

२०१५ च्या ऑक्टोबरात चीनने विरोध मागे घेतला. क्षेत्रात क्रिल या झिंग्यासारख्या जिवाच्या संशोधनासाठी वेगळा पट्टा राखण्याचं मान्य झालं होतं. आता रशिया एकटा उरला. त्या वर्षीही त्याने मान डोलावली नाही, पण वाऱ्याची दिशा बदलत होती. रशियाने २०१७ हे पर्यावरण वर्ष म्हणून जाहीर केलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सर्गेई इव्हानोव्ह या पुतिन यांच्या अगदी जवळच्या माणसाकडे पर्यावरणाची खास जबाबदारी आली. अमेरिकेच्या बाजूने परराष्ट्रमंत्री जॉन केरी स्वतः रॉस समुद्राचा विषय काढत होते. सीरियावरून दोन्ही देश हमरीतुमरीवर आले असतानाही. आणि त्या वर्षी होबार्टच्या बैठकीचं अध्यक्षपद योगायोगाने एका रशियन अधिकाऱ्याकडे होतं.

२८ ऑक्टोबर २०१६ ला ठराव झाला. चोवीस देश आणि युरोपीय संघ, कोणाचाच विरोध नाही. १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटर समुद्र; आपल्या महाराष्ट्रासारखी पाच राज्यं त्यात मावतील. त्यातल्या ७२ टक्के भागात, म्हणजे ११ लाख २० हजार चौरस किलोमीटरमध्ये, व्यावसायिक मासेमारीला पूर्ण बंदी. उरलेल्या भागात संशोधनासाठी मोजकी मासेमारी. १ डिसेंबर २०१७ पासून अंमल.

सगळं मनासारखं झालं नाही. टूथफिशची मासेमारी पूर्ण थांबली नाही. ती क्षेत्राच्या कडेला सरकली. मुदत घातली गेली, ३५ वर्षांची. एन्लींसारख्यांना कायमचं संरक्षण हवं होतं. ते मागत राहिले असते तर काहीच मिळालं नसतं, हेही तितकंच खरं. अंमल सुरू झाला त्या वर्षी जन्मलेला टूथफिश २०५२ मध्ये ही मुदत संपेल तेव्हा बहुधा जिवंतच असेल. तेव्हा पुन्हा होबार्टला एकमत लागणार.

या निर्णयात पोहण्याचा वाटा किती? काहीजण तो शून्य धरतात. त्यांच्या मते महासत्तांचे सौदे महासत्ताच करतात आणि पोहणारा फोटोपुरता. काहीजण सगळं श्रेय प्यूला देऊन मोकळे होतात. मला दोन्ही खोटं वाटतं. आराखडा शास्त्रज्ञांच्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवर उभा होता. न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांनी एकेक रेघ सरकवत तो मान्य होईल असा केला. चीनचं मन वळवण्यात प्यूचा हात असल्याचं दिसत नाही. पण दोन देशांमध्ये संवादाचे बाकीचे धागे तुटले असताना मॉस्कोत या एका समुद्राविषयी कोणीतरी सतत बोलत राहिलं, आणि बोलणाऱ्याने त्या समुद्रात स्वतःचा जीव पणाला लावला होता. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला त्याचा हेतू तपासायची गरज पडली नाही. रॉस समुद्र म्हणजे नकाशावरचा पांढरा तुकडा नव्हे, हे सांगायला प्यूकडे स्वतःचं अंग होतं. याची किंमत टक्क्यांत मांडता येणार नाही. ती नव्हती असंही म्हणता येणार नाही.

त्यानंतर प्यू थांबला नाही. २०१८ मध्ये त्याने इंग्लिश खाडी आडवी न पोहता लांबीने, लँड्स एंडपासून डोव्हरपर्यंत, ४९ दिवसांत पार केली. २०२२ मध्ये तांबडा समुद्र, प्रवाळांसाठी. २०२३ मध्ये हडसन नदी उगमापासून न्यूयॉर्कपर्यंत. २०२० च्या जानेवारीत तो पूर्व अंटार्क्टिकात होता. हिमस्तराच्या पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची तळी आणि ओढे वाढत आहेत, आणि असा एक ओढा बर्फाखालून बोगद्यातून वाहत होता. तो त्यातून पोहला आणि मग पुन्हा मॉस्कोला गेला, पूर्व अंटार्क्टिकाच्या संरक्षणासाठी. फेतिसोव्ह अजून सोबत होते. बेलिंग्सहाउझेनच्या मोहिमेला तेव्हा बरोबर दोनशे वर्षं झाली होती.

या वेळी होकार मिळाला नाही. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प, अशा तीन क्षेत्रांचे प्रस्ताव आयोगापुढे आहेत. पहिला तर रॉस समुद्राच्या बरोबरीने आलेला. २०२३ च्या जूनमध्ये चिलीची राजधानी सांतियागो इथे खास बैठक बोलावली गेली, तीही रिकाम्या हाताने उठली. रशियाने युक्रेनवर चढाई केल्यानंतर तर पाश्चिमात्य देशांतून मॉस्कोला जाण्याची वाट फारच अवघड झाली. ज्या वाटेने प्यू गेला ती पूर्वीसारखी मोकळी राहिली नाही.

आपल्यासाठी यात एक गोष्ट लक्ष ठेवण्यासारखी आहे. भारताची मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रं पूर्व अंटार्क्टिकात आहेत आणि त्यांचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. होबार्टला भारत बराच काळ श्रोता होता. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र या दोन्ही प्रस्तावांना सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा जाहीर केला. दिल्ली आणि मॉस्को यांच्यात बोलणं आजही चालू आहे, त्यामुळे या पाठिंब्याला वजन आहे. ते वजन वापरलं जावं, असं मनापासून वाटतं. रशिया आणि चीन यांचा होकार अजून यायचा आहे.